कोनाड्यातला डाग

८ जून १९७९
साहेब आला, जीपमधून! वरल्या गावात न थांबता सरळ आमच्या बौद्धवाड्यात. काहून? नाव व्यंकटराव, पाटबंधाऱ्याचा. म्हणतो, कयाधूला पूर यायच्या आधी इशारा मिळाला पाहिजे, रुळाचा तुकडा टांगून घंटा करू. ती कुठं टांगायची, कधी वाजवायची, ते तुमीच सांगा. सरकार आमाला विचारून राहिलं! वर चहाबी पिला, बशीत ओतून. वरल्या आळीतले आमच्या कपाला हात लावत न्हाईत. मला काही बराबर वाटलं न्हाई.

जनकाला नववा लागला. सून माझी गोड हाय, पण लोणचं संपवलं सगळं. हिवाळ्यात प्रौढ वर्गात अक्षरं शिकले तवापासून काहीबी लिहिते — लोणचंसुद्धा!

९ जून
पुंजाजी भाऊजींनी वाड्याला बसवलं. म्हणले, "वहिनी, तुमचं माहेर कसं गेलं ते सांगा." सांगितलं. धरणात. तिथंबी आधी असाच गोड साहेब आला होता, पाणी कुठवर येतं म्हणून. दुसऱ्या साली घराघरावर चुन्याचे आकडे.

मग ठरलं. सगळ्यांनी एकच सांगायचं — पाणी वाड्याबाहेरच्या चिंचेच्या बुंध्यापर्यंत येतं, पुढं न्हाई. घरात येतं म्हणलं की उठवतील.

खरं काय ते या वहीलाच सांगते. माझा भिवाजी रांगत होता तवा पाणी घरात कोनाड्यापर्यंत आलं. कोनाड्यातला दिवा गेला. तेबी नदीकडून न्हाई — मागून, ओढ्यानं. नदी लांब दिसते म्हणून माणूस बसून राहतो. डाग अजून हाय. आज पांढऱ्या मातीनं सारवून टाकला.

११ जून
साहेब घरोघर फिरला. चिंच, चिंच, चिंच! "तुम्ही सगळे एकाच तोंडानं बोलता, आजी," म्हणला अन् हसला. काहून हसला? पण लिहून घेतलं. घंटा वरल्या गावात, चावडीपाशी. तिचा आवाज आमच्यापर्यंत यायचा न्हाई. न्हाई आला तर न्हाई! घरं वाचली. पदरात तोंड घालून हसले.

२ जुलै
नात झाली!! नाक माझं. शेजारची पारुबाई म्हणते, "पोरगीच व्हय?" म्हणलं, "व्हय, अन् गूळ घे, तोंड गोड होईल जरा." सगळ्या वाड्यात वाटला.

५ जुलै
तीन दिवस झड. ओढा तांबडा झाला. जनकाला उठवत न्हाई, लेकरू कुशीत. कोनाड्यापाशी गेले तर ओल धरून माती काळी पडली, अन् डाग पुन्हा वर आला. रेघ खाटेच्या कितीतरी वर.

९ जुलै
पाऊस उघडला. साहेब घंटा टांगायला चावडीवर आला. मी गेले. "साहेब, आमी खोटं बोललो."

"वहिनी! काय करून राहिल्या?" भाऊजी ओरडले.

साहेबाला घरात आणलं. डागावर बोट ठेवलं. ओढा दाखवला. साहेबानं लिहून घेतलं. मग म्हणला, "घंटा तुमच्या दारात. ओढ्यात खांब रोवू, त्यावर रंगाचा पट्टा; तो बुडला की घंटा वाजवायची. पट्टा किती उंचीवर मारायचा?" माझ्या गुडघ्याला हात लावून दाखवलं. तेवढाच मारला!

"अन् घर उठवाल का?"

"ते माझ्या हातात नाही, आजी."

खरं बोलला वाटतं. तरी इस्वास न्हाई.

१० जुलै
भाऊजी बोलत न्हाईत. भिवाजी म्हणतो, "घर घालवलंस, माय." नात तेवढी बोट सोडत न्हाई.

२६ जुलै
सकाळी खांब बघते, दुपारी खांब बघते, संध्याकाळी खांब बघते. पारुबाई म्हणते, नवरा हाय का तो तुमचा? नवऱ्याला इतकं कुठं बघितलं!

२८ ऑगस्ट
दुपारी पट्टा बुडला. नदी अजून लांब होती. मीच घंटा ठोकली, हात सोलून निघेपर्यंत. सगळा वाडा वर शाळेत आला. नातीची टोपली भाऊजींनी डोक्यावर आणली. वही तिच्याच दुपट्यात होती.

३० ऑगस्ट
साहेब चिखल तुडवत आमच्या पडल्या घरापाशी आला. म्हणतो, "आजी, पाणी कुठवर आलं? नवी खूण करायची."

म्हणलं, "आधी भिंत तर आणा."