हरणाबाईंची बोटं

कुंडल, ५ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस अनेक आशीर्वाद.
वि. वि. फोनवर तू तोडून बोलतीस, म्हणून लिहितोय.

तू सुचवलेली कवठे महांकाळची सोयरीक आमी मोडली. पोरगी रेश्मा चांगली हाय, पण तिच्या आईची, हरणाबाईची बोटं बघितलीस का? सगळी सांध्यांतनं वाकडी. चहाचा कप दोन तळव्यांत दाबून पुढं केला. मी तसाच ठेवून उठलो. असली संधिवाताची पैदास आमच्या पोराच्या, जयराजच्या गळ्यात बांधू नकोस. आपल्या घराण्यात आजवर कुणाची मान वाकली न्हाई.

पोरांना आशीर्वाद.
तुझा दादा,
लालासाहेब

कराड, १२ जानेवारी

ती. दादांस कृ. सा. न.
वि. वि. पत्र मिळालं. वाचून आधी हसू आलं, मग किळस आली.

आपल्या काकांची मान वाकत नव्हती, हे खरं. वळतही नव्हती. हाक मारली की अख्खा माणूस वळायचा. आणि आबा? शेवटी त्यांना समोरच्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय दिसायचे. वडील शेतात राबून वाकले, असं तुम्ही गावभर सांगत आलात. आबांनी नांगर कधी धरला होता? नांगर गडीच धरायचे.

तुमचा जयराज वर्षभर सकाळी भिंत धरून उठतोय, तेही तुम्हाला दिसलं नाही. परवा डोळा लाल होऊन माझ्याकडे आला. मी डॉक्टरांकडे नेलं. कण्याचा संधिवात निघाला, डोळाही त्यानंच लाल झालेला. डॉक्टर म्हणाले, याचा कल आईबापांकडून रक्तात येतो. आला म्हणजे आजार होतोच असं नाही, पण आपल्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतोय. गोळ्या आणि व्यायाम सुरू केलाय. पैदास कुणाची, ते आता तुम्हीच ठरवा.

वहिनींना नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही, तुमची मर्जी.
राजनंदिनी

कुंडल, २० जानेवारी

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.
पोरगं खरंच भिंत धरून उठतंय. आज बघितलं. तुझी वहिनी रडतीया.

तू कवठे महांकाळला जा. म्हणावं, आमी तयार हाय. आता दोन्ही घरं सारखीच, नको म्हणायचं कारण न्हाई. एवढ्या उसाचं घर त्यांना पुन्हा मिळायचं न्हाई. जयराजचं दुखणं मात्र आत्ताच काढू नकोस.

दादा

कराड, २ फेब्रुवारी

ती. दादांस सा. न.
तुमच्या शब्दाखातर नाही, जयराजसाठी गेले. तोही आला आणि त्यानं बसल्याबसल्या सगळं स्वतःच सांगून टाकलं. हरणाबाईंनी त्याला जवळ बसवलं. सकाळी गरम पाण्यानं अंघोळ कर, एका जागी बसून राहू नकोस, असं आईसारखं समजावलं. मला वाटलं, जमलं.

मग रेश्मा बोलली. दुखण्याची तिला भीती नाही, ती त्यातच लहानाची मोठी झालीय. पण ज्याला तिची आई माणूस वाटली नाही, त्याला ती सासरा म्हणणार नाही. जयराजनं मान्य केलं. दोघींना नमस्कार करून उठला.

आता तो माझ्याकडेच राहणार आहे. कुंडलला कधी जाणार, असं मी विचारलं. म्हणाला, बापाकडनं आलं तेवढं पुरे, बाकीचं त्यांनी स्वतःजवळच ठेवावं.

कळावे.
राजनंदिनी