थोरली जेवत नाही

४ जानेवारी, सकाळ
आजपासून माशांची टाकी अधिकृतपणे माझ्या ताब्यात. ही गेल्यापासून मुलगी फोनवरून सूचना द्यायची. तिला कळवून टाकलं, गरज नाही. विमा कंपनीत आयुष्यभर लोकांचे क्लेम तपासले, मला कोणी गंडवू शकलं नाही. मूठभर मासे काय गंडवणार? संकल्प: रोज निरीक्षण, रोज नोंद.
मी अगदी ठीक आहे, हेही नोंदवतो.

७ जानेवारी
ही टाकीसमोर खुर्चीत बसली की सगळे काचेला यायचे. मी बसलो की झाडामागे जातात. हिची शाल पांघरून बसून पाहिलं. फरक नाही. शाल धुतलेली नाही, धुणारही नाही.

१० जानेवारी
दुकानातून जिवंत किडे आणले. ही कधी आणू द्यायची नाही, त्यातून रोग येतात म्हणे. बायकांच्या समजुती. मासे तुटून पडले. थोरली, म्हणजे हिची लाडकी काळी एंजल मासोळी, माझ्या बोटापर्यंत आली. डोळ्यांत पाणी आलं. पाण्यातल्या क्लोरीनमुळे.
आता रोज किडे.

२ मार्च
नोंदींत खंड. कामं होती.
थोरली जेवत नाही. घास तोंडात घेते, घोळवते, थुंकते. शेवटच्या महिन्यात हीही असंच करायची. मी चमचा धरून बसायचो आणि ही माझं मन राखायला तोंड उघडायची.
निष्कर्ष: थोरली शोकात आहे.

६ मार्च
थोरलीचं पोट खपाटीला गेलंय. मागे पांढरा, दोऱ्यासारखा मळ लोंबतो. मुलीला फोनवर वर्णन केलं. ती म्हणाली, पोटात जंत असतील, डॉक्टरांना दाखवा. मी समजावलं की तिला तुझ्या आईची आठवण येतेय. फोन कट झाला. नेटवर्क खराब असावं.

९ मार्च, दुपार
हिच्या चहाच्या वेळेला सगळे मासे एका कोपऱ्यात जमले. तोंडं खुर्चीकडे, पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडांची उघडझाप. फिल्टरमधून ही खाकरायची तसा आवाज आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी चहा दोन कप केला. एक खुर्चीजवळ ठेवला. खोटं कशाला लिहू, कप उचलायला गेलो तेव्हा तो पूर्वीपेक्षा कमी भरलेला वाटला.

१४ मार्च
एक छोटा गेला. बाल्कनीतल्या कुंडीत पुरला. मृत्यूचं कारण: दुःख. क्लेम मंजूर.

१५ मार्च
मुलगी न कळवता आली. बॅग ठेवायच्या आधी टाकीवर टॉर्च मारला. थोरली स्थिर झाली की तिच्या मागून बारीक लाल दोरे डोकावत. हलली की आत जात. मुलगी म्हणाली, हे जंत. मी म्हणालो, शीर असेल. तिने फ्रीज उघडला. किड्यांचा डबा आणि अर्धा पाव. बराच वेळ फ्रीजचं दार धरून उभी राहिली.
मग वाद झाला. मी म्हणालो, तुला हे जनावराचं दुखणं वाटतं, मला यांचं मन कळतं. हिच्या चहाच्या वेळेला हे खुर्चीकडे बघतात. मुलगी खुर्चीकडे बघायचं टाळत होती. शेवटी मी विचारलं, म्हणजे यांना तिची काहीच आठवण नाही?
"नसेल, बाबा," ती म्हणाली. "मला आहे."
मी उठलो. चहा ठेवला.

१६ मार्च
पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पिशवीत थोरली, बाटलीत मळ. त्यांनी मळ मायक्रोस्कोपखाली धरला आणि मलाही दाखवला. वळवळत होतं. दुःख असं दिसत नाही, हे मान्य करावं लागलं. जिवंत किडे कधी दिलेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, प्रश्नाचा संबंध कळत नाही. मुलगी छताकडे बघत राहिली. मासे खुर्चीकडच्या कोपऱ्यात का जमतात ते विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्या कोपऱ्यात फिल्टरचं पाणी पडत असेल, आजारी माशांना तिथे श्वास घ्यायला बरं पडतं.
तपासलं. तिथेच पडतं.

१७ मार्च
पाण्यात जंतांचं औषध टाकलं. उजेडात त्याचा गुण जातो. दिवा बंद, टाकी झाकून ठेवायची, उद्या तळ उपसून मेलेले जंत काढायचे. चादर मी घातली. एक बाजू उघडीच ठेवली, पूर्ण झाकवेना. मुलगी आली, तिने तीही बाजू ओढली. मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

२० मार्च
मुलगी गेली. फ्रीज भरून गेली. किड्यांचा डबा नाही. मी शोधला नाही. म्हणजे एकदाच शोधला.

९ एप्रिल
औषधाचा दुसरा डोस झाला. थोरली खाते. घास गिळते, थुंकत नाही. पोट भरलंय. हल्ली मी टाकीपाशी गेलो की सगळे काचेला धावतात. अखेर ओळखलं मला. शेवटी माया कळतेच. मुलीला सविस्तर मेसेज लिहिला, पाठवणार होतो.
इतक्यात विजेचं मीटर बघायला माणूस आला. मीटर टाकीच्या वरच आहे. सगळे मासे त्याच्याकडेही तितकेच धावले. थोरली तर त्याच्या शर्टाच्या बटणाला काचेतून तोंड मारत होती. छान माणसाळलेत, तो म्हणाला. मी हो म्हणालो.
तो गेल्यावर मेसेज पुसला आणि टाकीसमोर बसलो. मासे आले. हातात काही नाही हे बघून आपापल्या कामाला निघून गेले. एकदम ठणठणीत.
म्हणजे या टाकीत हिच्यासाठी रडणारं कोणीच नव्हतं. मग मीच रडून घेतलं.