पहिल्या नंबरची घागर

जळकोटजवळची आमची वाडी,
जि. लातूर (उस्मानाबाद लिहू नकोस आता. तुझं मागचं पत्र सगळा जुना जिल्हा हिंडून महिन्यानं आलं.)

सौ. लक्ष्मम्माअक्कास धाकट्या दानम्माचे शरणार्थ.

इकडे पाणी सोडून सगळं आहे. तिकडे देगलूरला दाजींची कंबर, लेकरांचा खोकला, तुझं शिवणकाम सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण मला माझंच सांगायचंय. अक्का, मी जिंकले! दहावीत गणितानं दोनदा लोळवलेली तुझी बहीण जिंकली! चहा ठेव, बैस, मग पुढं वाच.

बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग मी मठात चालवते हे तुला ठाऊकच आहे. (घरात त्याला 'दानम्माचं खूळ' म्हणतात.) आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाई शरणम्मांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, आता पाटी कशाला धरू?" बाकीच्या बाया मात्र येत होत्या. मग हा दुष्काळ पडला आणि टँकर सुरू झाला. टँकरला ना वेळ ना काळ, त्यामुळं पहाटेपासून घागरींची रांग लावायची आणि बाईनं तिथंच ठाण मांडायचं. वर्ग ओस! त्यात लातूरहून कागद आला, की साहेब पुढच्या सोमवारी येणार, दहा बायांनी समोर नाव लिहून दाखवलं नाही तर वर्ग बंद. (जिल्हा जवळ आला ह्याचा एवढाच फायदा. पूर्वी साहेब निघायचे, पण पोचायचे नाहीत.) आत्याबाई म्हणाल्या, "बंद झाला तर गुमान घरचं शेणपाणी बघायचं. पुन्हा खडूला हात लावायचा न्हाई." आणि मी मूर्ख, चारचौघींत 'हाव, कबूल' म्हणून बसले.

बाया वर्गाला येईनात, तर वर्गच रांगेला नेला. सगळ्यांच्या घागरी जर्मनच्या पत्र्याच्या, एकसारख्या. कुणाच्या घागरीला चिंधी, कुणाच्या घागरीला पोचा, एवढ्यावर ओळख, आणि त्यावरून रोज झिंज्या उपटणं. मी म्हटलं, "बायांनो, घागरीवर नाव लिहा, भांडण मिटंल." खडू संपले होते, पण तंबाखूच्या डबीतला चुना कुणाचा संपतोय? आठ दिवसांत तीस घागरी बोलायला लागल्या! (फक्त स्वतःचं नाव. नवऱ्याचंही लिहा म्हटलं तर चतुराबाई म्हणाली, "मालकाला दिवसभर वागवतेच की, आता कमरेवर बी घिऊ?") आत्याबाई आमच्याकडं पाठ करून दगडावर तूर निवडत बसायच्या आणि अधूनमधून 'हूं' करायच्या.

सोमवारी साहेब आले. मठात दहा बाया नेसून-सवरून बसलेल्या. चतुराबाईनं पाटीवर 'च' काढला आणि अक्का, त्याच घटकेला टँकरचा भोंगा वाजला! पापणी लवायच्या आत मठात मी, साहेब आणि एक शेळी. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मला रडूच कोसळत होतं. म्हटलं, पाणी तरी प्या साहेब. आणि मग आठवलं की मठात पाण्याचा थेंब नाही. म्हणून त्यांना टँकरकडं घेऊन गेले.

तिथं तर महाभारत! पहाटे पहिल्या नंबरला लावलेल्या आपल्या घागरीवर चतुराबाई बोट ठेवून वाचत होती, "श... र... ण... म्मा! आगं, पोचा माझा आन् नाव हिचं?" आणि अठरावी घागर, जी आमच्या घरची, तिच्यावर चतुराबाईचं नाव. दोन्ही नावं पुसून अदलाबदल करून लिहिलेली. साऱ्या बाया माझ्याकडं फिरल्या. "दानम्मा, सासूसाठी चोरी?" साहेब म्हणाले, "म्हणजे सगळीच नावं बाईंनी लिहिली असणार." झालं! वर्गही गेला आणि वर चोर ठरले.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. सूप आपटलं. "तिला कशाला बोलायलाव? म्या लिवलंय! माज्या हातानं!" बोटाचं टोक पांढरंफेक. साहेब म्हणाले, लिहून दाखवा. त्यांनी पदरानं पुसून सगळ्यांसमोर पुन्हा लिहिलं, मुठीएवढं अक्षर, चतुराबाईचं नावसुद्धा! ते बघून बाकीच्यांना चेव आला. मेल्या साहेबांना दाखवतोच म्हणून एकेकीनं आपापलं नाव पुसून पुन्हा काढलं. दहा नाही अक्का, तेवीस! साहेबांनी वाकून वाकून मोजल्या, कुणाच्या तरी घागरीतलं पाणी प्यायले आणि 'वर्ग चालू ठेवावा' असं लिहून सही केली. आत्याबाई मात्र कायद्यानं अठराव्या नंबरला गेल्या. मी तिथंच उभी राहून हसतही होते आणि रडतही होते. कधी शिकलात विचारलं तर म्हणाल्या, "पाठीला बी कान असत्यात."

मोठ्यांना नमस्कार, लेकरांना मुके.

तुझी,
दानम्मा (मास्तरीण)

ता. क. खरं काम राहिलंच. चुना पुसला जातो, हे आता गावाला कळलंय. दाजींना सांगून लाल ऑइल पेंटचा डबा आणि एक ब्रश लगोलग धाड. पाकीट चिकटवायला आत्याबाईंकडं देते, खळ त्यांच्याजवळ आहे.

ता. क. लक्ष्मम्मा रंग धाडू नको. शरणम्मा