रजिस्टरातलं माझं एक वर्ष

बाबा, परवा मी रिटायर झाले. कागदावर अठ्ठावन्न पूर्ण झाली, तुमच्या-माझ्या माहितीप्रमाणे सत्तावन्नच. वाशीमजवळच्या ज्या शाळेत शेवटची काही वर्षं मी मुख्याध्यापिका होते, तिथे निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रीतसर. वेळ बघायची गरज संपली की लोक घड्याळ देतात, ही आपल्या खात्याची जुनी अक्कल. भाषणं मात्र माझ्यापेक्षा तुमच्यावरच जास्त झाली. मानोऱ्याकडच्या ज्या बंजारा तांड्यावर तुम्ही गुरुजी होतात, तिथून तिघं जण मुद्दाम आले होते, तिघंही साठीला टेकलेले. त्यातला एक माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाईच्या बाबानं मले माहा जन्मदिवस शोधून देल्ला." शाळेतल्या तरुण शिक्षकांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी उगाच शालीची घडी सारखी करत बसले.

त्यांना तुमची पद्धत माहीत असायचं कारणच नाही. त्या काळी शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना मुलाची जन्मतारीख विचारली, की ते गुरुजींच्याच तोंडाकडे बघायचे, आणि बहुतेक गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. आजही आपल्या भागात एक जूनला जन्मलेली माणसं पोत्याने सापडतील. तुम्हाला ते जमायचं नाही. तुम्ही मुलाच्या आईला शाळेच्या ओट्यावर बसवायचात आणि विचारायचात, हा झाला तेव्हा शेतात काय उभं होतं? कापसाची पहिली वेचणी झाली होती की दुसरी? तांड्यावरचा तिजेचा सण होऊन किती दिवस झाले होते? मग मागच्या सात-आठ वर्षांची पंचांगं समोर पसरून तुम्ही दिवस मागे मागे मोजत जायचात. शेजारणी येऊन भर घालायच्या, आपसात भांडायच्या, एकेका तारखेला दोन-दोन दिवस लागायचे. एक बाई वैतागून म्हणाली होती, गुरुजी, एवढं तं मले माह्या सासूनंबी नाही इचारलं. तुम्ही हसलादेखील नाहीत. मूग तोडून झाले होते का नाही, तेवढं सांगा, म्हणालात.

अशा माणसाने शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एकच तारीख खोटी लिहिली, ती माझी.

आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथेच आजारी पडून बरेच महिने राहिली. मी पाच वर्षांची. तिच्याबरोबर जायला मी तयार नव्हते, तुम्हाला सोडून मी कुठे राहतेय? म्हणून इंझोरीच्या आपल्या घरात तुम्ही आणि मी असे दोघंच उरलो. पहाटे तुम्ही मळ्यातली वांगी तोडून टोपल्या बाजाराच्या गाडीवर चढवायचात, मग चूल पेटवायचात. तुमची भाकरी कधी गोल झाली नाही. वरणात मीठ दोनदा पडायचं, नाहीतर एकदाही नाही, आणि मी तोंड वाकडं केलं की तुम्ही तुमची वाटी माझ्यापुढे सरकवायचात, जणू त्यात वेगळं वरण असणार होतं. वेणी तर तुम्ही सुतळी वळतात तशी वळायचात, भुवया वर ओढल्या जायच्या. मला ते सगळं फार आवडायचं. न आवडणारा भाग एवढाच, की त्यानंतर तुम्ही सायकल काढून तांड्यावरच्या शाळेत निघून जायचात आणि मी शेजारच्या काकूंकडे. तिसऱ्या दिवशी मी सायकलीमागे रडत नाल्यापर्यंत धावले. तुम्ही उतरलात, पुढच्या दांडीवर उपरणं गुंडाळलंत, मला बसवलंत. शाळा एकशिक्षकी, साहेब कधीही तपासणीला येणार, नाव नसलेलं मूल वर्गात बसवायचं नाही आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. मी दारात उभी राहून बघतेय. तुम्ही रजिस्टर उघडता, टाक शाईत बुडवता, थोडा वेळ तसाच धरता, आणि एका ओळीत मला वर्षाने मोठी करून टाकता.

पावसाळा सरता सरता साहेब आले. हजेरी घेतली, रजिस्टर चाळलं, आणि सगळ्यांत पुढे बसलेल्या माझ्याकडे बोट करून वय विचारलं. मी उभी राहून खणखणीत सांगितलं, पाच. साहेबांनी रजिस्टराकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. गुरुजी, पोरीले सांगून तं ठेवाचं, असं ते हसत म्हणाले. तुमचे कान लाल झालेले मला आजही दिसतात. तुम्ही म्हणालात, "खोटं मी लिहिलं, साहेब. ते तिले कायले शिकवू?" साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी मला बेचा पाढा म्हणायला लावला, मी पाचापर्यंतचे म्हणून दाखवले, आणि त्यांनी शेरेपुस्तकात सही केली. परत येताना मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही रस्त्यातल्या एका वाडीतून दोन पेरू मागून घेतलेत आणि दोन्ही मलाच दिलेत.

आई धाकट्याला घेऊन परतली तेव्हा तिला हे कळलं. "लोकाईच्या लेकराईचे दिवस मोजता, अन् आपल्या पोरीचं अख्खं साल खाल्लं तुमी," एवढंच ती चुलीपुढून म्हणाली. तुम्ही तिच्यापुढची मेथी निवडायला घेतलीत. पुढे दूध उतू गेलं तरी आणि छत्री हरवली तरी घरात ते साल निघायचंच, आणि तुम्ही दरवेळी तितक्याच गुन्हेगार चेहऱ्याने काहीतरी निवडायला घ्यायचात. आम्ही भावंडं मागे हसायचो. तुमच्या मनात ते किती खोल रुतलंय, हे कुणालाच कळलं नव्हतं.

माझ्या नोकरीचं चौथं वर्ष चालू असताना तुम्ही एका सकाळी मानोऱ्याच्या एसटीने वाशीमला माझ्याकडे आलात. जन्मतारीख दुरुस्त करायची तर पहिल्या पाच वर्षांत अर्ज करावा लागतो, हे तुम्ही कुणाकडून तरी ऐकलं होतं. तुमच्याजवळ ग्रामपंचायतीतली माझी जन्माची नोंद होती, आणि तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलेला एक कागद, की ही तारीख मी जाणूनबुजून खोटी लिहिली. कोर्टात प्रतिज्ञापत्र करायचं, मग ते अकोल्याला न्यायचं, तेव्हा आपला जिल्हा अजून अकोलाच होता. कोर्टात उभं राहायचं म्हणून धोतर इस्त्रीचं नेसला होतात. "माही चूक हाये, माय," म्हणालात, "माह्या हातानंच निस्तरू दे."

मी नाही म्हणाले. एक नोंद खोटी निघाली की त्या रजिस्टरातल्या साऱ्या नोंदींवर लोक बोट ठेवतील, तांड्यावरची पोरं त्याच तारखांवर नोकरीला लागून राह्यली, त्यांच्या कागदांचं काय, असं मी तुम्हाला सुनावलं. तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात. अर्धा चहा तसाच ठेवून तुम्ही दुपारच्या गाडीने परत गेलात. वर्षभरात मुदत संपली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही कायमचे गेलात. ती तिन्ही वर्षं तुम्ही माझ्याकडे आलात की आधी माझं तोंड बघायचात, पोरगी रागावलेली आहे का ते.

परवा एका सहकारी बाईंनी हीच गोष्ट भाषणात सांगितली. वडिलांच्या नावाला आणि गोरगरिबांच्या कागदांना धक्का नको म्हणून बाईंनी वर्षभराची नोकरी सोडली, असं. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. तशी मी मजेत आहे, बाबा. सकाळी उशिरा उठते, आणि वर्ष गेल्याचं खरंच काही वाटत नाही. पण तांड्याच्या पोरांचं ते कारण, खोटं नसलं तरी, मला त्या सकाळी दुसऱ्यांदा सुचलेलं होतं. तुम्ही तो कागद पुढे केलात तेव्हा आधी मनात आलं ते वेगळंच. साऱ्या तांड्याच्या लेकरांसाठी तुम्ही खरं काय ते शोधत बसलात. खोटं तुम्ही एकदाच लिहिलंत, मला जवळ ठेवण्यासाठी, आणि तेच खोडायला तुम्ही इस्त्रीचं धोतर नेसून माझ्या दारात आला होतात. मला तुमचा इतका राग आला. ते वर्ष मला परत नको होतं, ते तुम्ही मला दिलेलं होतं. एवढं एक वाक्य त्या सकाळी बोलले असते, तर तुम्ही चहा पुरा करून गेला असतात आणि तीन वर्षं माझं तोंड बघत काढली नसतीत.

आज हे लिहून झालं, कारण हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुम्ही समोर बसलेले असतात तर आजही मी तांड्याच्या पोरांचंच कारण सांगितलं असतं.