दिगूची दहा दिवसांची रजा

३० एप्रिल १९८६, बुधवार
लेक चार्ल्स, लुइझियाना

सांगितलं नाही.

ह्यूस्टनपासून त्या इवल्याशा विमानात एकच वाक्य घोकत आले होते — "दिगू, आई गेली. सोमवारी पहाटे, झोपेत." शेजारच्या बाईला वाटलं असेल, मी जप करतेय. सामान हातात यायच्या आधीच सांगून मोकळं व्हायचं, असं पक्कं ठरवलं होतं. दिगू समोरून आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. माझ्या हातातली बॅग घेतली आणि पहिलाच प्रश्न — "आईचं काय गं? काही पत्र, फोन?" आणि माझ्या तोंडून निघालं, "बरी आहे."

बरी आहे! जिच्या अस्थी चुलतभाऊ एकनाथने काल साताऱ्यात गोळा केल्या, ती बरी आहे.

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग "चल" म्हणाला. गाडीत सांगू म्हटलं, तर हा सुरूच झाला. "उद्या तलाव. शनिवारी जत्रा आहे, पायरेट्सची. मग खाली समुद्रावर. वाटेत मगरी दाखवतो. आणि गंबो खायचा, तुझ्यासाठी व्हेजिटेरियन करायला सांगितलाय शेजारच्या बाईंना." टूर कंपनीच्या मॅनेजरसारखा एकसुरात बोलत होता. मी "हो का, हो का" करत बसले. एवढी मोठी घोडी झाले, पण तोंड उघडायचा धीर म्हणून नाही.

१ मे, गुरुवार

झोप लागली नाही. त्याने मला पलंग दिला आणि स्वतः बाहेर कार्पेटवर चादर टाकून निजला. सोफा असताना! म्हणे सोफ्यावर पाठ धरते.

आमचे वडील, दादा, गेले त्याला सहा वर्षं झाली. जगन्नाथकाकांनी आम्हा दोघांना पत्र टाकलं ते तेरावं उरकल्यावर. परदेशातली पोरं, येऊ तर शकत नाहीत, मग कशाला जिवाला घोर — हा आमच्या घराण्याचा न्याय. पत्र पोचेपर्यंत दिगू इथे मित्रांबरोबर कॅम्पिंग करून आला होता. शेकोटीभोवती नाचतानाचे फोटो काढले होते. ते त्याने फाडले. मला फोनवर म्हणाला, "आईच्या वेळी मला त्याच दिवशी सांगायचं, ताई. शपथ घे." मी घेतली.

म्हणून तर आले. शेखर म्हणत होता, फोन कर. पण असलं काही फोनवर ऐकून तो एकटा जीव जाईल कुठे? ना बायको, ना पोर. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेत, त्यामुळे साताऱ्याला जायचीही सोय नाही. एकनाथही हेच म्हणाला — "दिगूला तूच सांग, समोर बसून सांग." आता समोर बसलेय आणि सांगत नाहीये. शेवटी मीही काकांचीच पुतणी.

सकाळी आंघोळ करून स्वयंपाकघरात गेले. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीनच दिवस. काल माझं संपलं. (तीन दिवसांत काय संपतं, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा विचारायचंय.) कपाटात दिगूचे देव आहेत, आईनेच दिलेले. सवयीने म्हटलं, "दिवा लावू?" म्हणाला, "राहू दे. तूप संपलंय." बरंच झालं. त्याला ठाऊक नसलं तरी त्याचे दहा दिवस चालू आहेत. अजाणता का होईना, सुतक पाळलं जातंय. आईच पाळून घेतेय त्याच्याकडून.

दुपारी तलाव. शहराच्या मधोमध मोठं पाणी, काठाला बाहेरून आणून टाकलेली वाळू, ताडाची झाडं. पलीकडे धुराडी — त्यांतलंच एक दिगूच्या कंपनीचं. वर हायवेचा उंच पूल, त्याच्या कठड्यावर पिस्तुलांच्या जोड्या कोरलेल्या. इथे कुणी समुद्री चाचा खजिना लपवून गेला म्हणतात, म्हणून ती पिस्तुलं. पुलाच्या कठड्यावर पिस्तुलं! आईने विचारलं असतं, "आणि गावच्या देवळावर काय, तोफा?"

मी हे मनात म्हणते तोच दिगू म्हणाला, "आईला इथे आणायला हवं होतं."

"आणू की," मी म्हटलं.

"हो. आणू."

तेव्हा सांगता आलं असतं. वारा होता, माणसं लांब होती. मी म्हटलं, चहा कुठे मिळतो रे इथे?

२ मे, शुक्रवार

शेखरचा फोन. "सांगितलंस?" नाही. "उत्तरा, तू सुट्टीला गेलेली नाहीस." मला कळतं ते. मग आमची लेक दीपा आली फोनवर. चौदा वर्षांची, पण आवाज तिच्या आजीचा. "आई, डिड यू टेल मामा? ही हॅज अ राइट टू नो." तिच्यापुढे मी काय बोलणार!

दिगू अंगणात होता. फोन ठेवल्यावर आत येऊन म्हणाला, "सगळं ठीक?" ठीक, म्हटलं. आमच्या घरात हा शब्द झिजून पातळ झालाय.

३ मे, शनिवार

आजचं लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

तलावाकाठी जत्रा. चाच्यांच्या वेशातले बँक मॅनेजर आणि दातांचे डॉक्टर होडीतून आले, तोफा उडवल्या आणि शहराच्या मेयरला फळीवरून चालवत पाण्यात ढकललं. दर वर्षी ढकलतात म्हणे. लोक खदखदून हसले. एकॉर्डियन वाजत होतं. म्हातारी जोडपी नाचत होती, गवतावरच, चपला काढून. मला ते इतकं गोड वाटलं आणि लगेच इतकी लाज वाटली की मान फिरवली. दिगूला धरून उभी राहिले.

"ताई, टाके दुखतात का?" लगेच खुर्ची शोधायला धावला. फेब्रुवारीत माझं ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं. तेव्हापासून हा मला काचेचं भांडं समजतो. पिशवी उचलू देत नाही, जिना चढू देत नाही. आता मी बरी आहे रे बाबा, सांगून दमले.

जत्रेत मेयर पाण्यात पडला तेव्हा मी दिगूकडे बघितलं. तो हसला नाही. मला हायसं वाटलं — उद्या कळल्यावर निदान हे हसणं तरी त्याला छळणार नाही. कुणीतरी पिकॅनची चिक्की चाखायला दिली, तीही त्याने परत केली. दाढ दुखतेय म्हणे. लहानपणी आईच्या डब्यातली चिक्की चोरून खाणारा हा! कोळंबीच्या गाड्यासमोरूनही मान फिरवून गेला. "तू व्हेजिटेरियन, मग मी एकट्याने काय खायचं?" जन्मभर माझ्यासमोर बसून बांगडे खाल्लेत याने.

आणि एक गोष्ट मनात टोचतेय. त्याला म्हटलं, माझ्यासाठी एवढी रजा कशाला घेतलीस? तर म्हणाला, "दहा दिवस घेतलीय, सोमवारपासूनच." मी येतेय असा फोन तर मंगळवारी केला होता. तेलाचे भाव पडलेत, इकडे माणसं काढताहेत हे पेपरात वाचते. नोकरी गेली असणार. त्यात वर मी आईचं सांगू? कुठल्या तोंडाने?

४ मे, रविवार

आजही नाही.

५ मे, सोमवार

आज अगदी टोकाला आले होते.

दुपारी जेवायला बसायच्या आधी म्हटलं, "दिगू, तुझ्याशी बोलायचंय." त्याच्या हातातली ताटली तशीच राहिली. "तुझी तब्येत?" म्हणाला. मी म्हटलं, माझी नाही. तर म्हणाला, "मलाही बोलायचंय. पण आधी जेवून घे, ताई." मला वाटलं, आलं, नोकरीचं आलं.

"गेली का नोकरी?"

"नोकरी? नाही गं. नोकरी आहे." हसल्यासारखं केलं. मग खाली बघून म्हणाला, "ताई, तुला आईची आठवण येते?"

आता सांगते, या श्वासाला सांगते — आणि दारावर टकटक. शेजारच्या मिसेस ब्रूसार्ड, हातात भलंमोठं पातेलं. सत्तरीच्या, फ्रेंच हेल काढून इंग्रजी बोलतात. मी आल्यापासून तिसऱ्यांदा काहीतरी शिजवून आणलं. पातेलं ठेवलं आणि मला छातीशी धरलं, सोडेचनात. पाठीवरून हात फिरवत फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटल्या. पहिल्या भेटीतही असंच केलं होतं. मला वाटलं, हिला कसं कळतं माझं? की इथली रीतच अशी, पाहुण्याला कवटाळायची? इतक्या दिवसांत मला पोटाशी धरणारी ही पहिलीच बाई. रडले मी. गंबोच्या वाफेचं निमित्त केलं.

त्या गेल्यावर दोघं जेवायला बसलो. भेंडी घातलेला दाटसर रस्सा, भातावर. आईला आवडला असता, फक्त वर खोबरं मागितलं असतं तिने.

दिगू म्हणाला, "उद्या समुद्रावर जाऊ. तिथेच राहू एक रात्र. निवांत बोलू."

ठीक. समुद्रावर.

६ मे, मंगळवार
हॉली बीच

तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना दलदल. गवत, पाणी, मधूनच तेलाचे पंप माना हलवताहेत. मगर दिसली — चिखलात पडलेलं टायर वाटलं आधी. बगळे तर इतके की मोजायचा कंटाळा. दिगू गाडी हळू करून एकेक दाखवत होता. "ती बघ. ही बघ." आवाजात उत्साह नाही, नुसतं कर्तव्य. मीही "अय्या, किती मोठी" म्हणत होते. नाटकात दोघं वाईट नट असावेत तसे.

समुद्र मात्र आपला नाही. मातकट, लाटा बेताच्या. किनाऱ्यावर खांबांवर उभी केलेली लाकडी घरं. वादळात पाणी खालून निघून जावं म्हणून. पुष्कळदा घरही जातं म्हणे, लोक परत बांधतात. त्यातलंच एक आम्ही रात्रीपुरतं घेतलंय.

संध्याकाळी वाळूत बसलो. मी म्हटलं, बोल. तो म्हणाला, "उद्या सकाळी. सूर्य वर आल्यावर." मग माझा हात हातात घेतला. कितीतरी वर्षांनी. त्याचा हात गार होता. मला एकदम भीती वाटली — हा आजारी तर नाही?

उद्या दहावा. एकनाथ तिकडे माहुलीला, नदीच्या घाटावर, पिंड ठेवेल. इकडे तिचा एकुलता एक मुलगा काही न कळता कॉफी पीत असेल. हे होऊ देणार नाही. तो काहीही बोलायच्या आत मी सांगणार. आई, तुझी शपथ. मग त्याने मला आयुष्यभर माफ नाही केलं तरी चालेल.

७ मे, बुधवार

उजाडताना जाग आली. दिगू घरात नव्हता. जिना उतरून वाळूवर गेले. पाण्याजवळ कुणी तुळतुळीत डोक्याचा माणूस पाठमोरा बसला होता. वाटलं, त्याला विचारावं, माझा भाऊ दिसला का. मग शर्ट ओळखला. डोक्यावर वस्तऱ्याने कापलं होतं दोन ठिकाणी.

समोर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर भाताचे गोळे, वर काळे तीळ. आजूबाजूला पक्षी होते, पण एकही जवळ येत नव्हता. दिगूने हात जोडले होते आणि जरा मोठ्याने बोलत होता, लांबच्या माणसाशी बोलावं तसं.

"काका म्हणाले होते ताईला एवढ्यात सांगू नकोस, तिचं ऑपरेशन झालंय. म्हणून थांबलो गं. पण आता सांगतो. आजच सांगतो. तिची काळजी करू नकोस, मी आहे तिच्याजवळ."

तेव्हा एक कावळा आला. दोन उड्या मारून पानाशी गेला आणि शिवला.

मी जाऊन दिगूशेजारी वाळूत बसले.