उतरतं पाणी दगा देत नाही

बाबा, सगळं बदललं ते मी मागे वळून पाहिलं तेव्हा. ज्या वाळूवरून आम्ही आलो होतो ती वाळू तिथे नव्हती. दोन-अडीच तासांपूर्वी मी जिथे काठी रोवली होती तिथे कमरेइतकं पाणी होतं आणि ते येऊन राहिलं होतं. पुढच्या वळणावरही पाणी. डोक्यावर काळा कडा. दोन पावलांवर माझा दोस्त उभा, आणि तो विचारतो, "अबे, आता?" तुमची आठवण आली, आणि खरं सांगतो, तोंडात शिवी आली.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो आणि आपलं राज्य भोपाळहून चालायचं. आता रायपूर राजधानी आहे. रस्ते रुंद होऊन राहिलेत, लाल दिव्याच्या गाड्या आल्या की आपल्याला कडेला उभं करतात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात एका सरांशी भांडलो आणि परत गेलोच नाही. आई त्यावरून अजून ताट जोरात ठेवते. मग पंडरीतल्या एका कापडवाल्याची जुनी मॅटाडोर घेतली, गुढियारीत वेल्डिंग करून आत फळीचा पलंग, स्टोव्ह, पाण्याची टाकी बसवली, आणि दोस्ताला घेऊन कोकणात निघालो. समुद्र पाहायला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला त्याच्या बहिणीपासून दूर जायचं होतं. जिच्यासाठी जीव जळतो ती रोज गच्चीवरून "भैया, येताना दही आणाल का?" म्हणते, तेव्हा माणूस कुठवर पळेल? मी जमीन संपेपर्यंत पळालो.

दोन महिने आम्ही त्या गाडीत राहिलो. सुरूच्या झाडांखाली गाडी लावायची, देवळाच्या विहिरीवर आंघोळ करायची, भात शिजवून डब्यात भरायचा आणि कड्यावरच्या वाटेनं चालत पुढच्या किनाऱ्यावर जायचं. संध्याकाळी एसटीनं गाडीपाशी परत. पायाखाली तांबडा, भोकं पडलेला दगड, आणि खाली तो समुद्र. मला पहिल्या दिवसापासून त्याची भीती वाटायची. आपली खारून नदी रात्री झोपते, हा झोपतच नाही. गाडीच्या पत्र्यातून त्याचा आवाज यायचा आणि मी उशी कानावर दाबायचो. दोस्ताला सांगितलं नाही. तो हसला असता, घरी गेल्यावर बहिणीलाही सांगितलं असतं.

त्या दिवशी मी म्हटलं, वरून नको, आज खालून खडकांवरून जाऊ. जाळं विणत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "वरच्या वाटेन जावा रे. भरती लागतली." दोस्त थांबला. "अबे, तो बुवा म्हणून राहिला ना, वरून चल."

"बुवाले काय माहीत? मी गेजवाल्याचा पोट्टा आहो."

हे मी बोललो, बाबा. तुमच्या नावावर. तुम्ही गेजच्या पट्टीवर नदीची पातळी वाचायला जायचे तेव्हा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पाणी असलं की काठावर खुंटी ठोकायचे, बिडी पेटवायचे, आणि बिडी संपली की म्हणायचे, "पाहा रे. खुंटी उघडी पडून राहिली का? मंग चाल. उतरतं पाणी दगा देत नाही." एकदा मी बिडी संपायच्या आधीच धावलो तेव्हा कानाखाली दिली होती. "पाण्याले घाई सांगतो काय बे?" तर मी घाई केली नाही. काठी रोवली, दहा मिनिटं थांबलो. पाणी हळूहळू मागे सरकत होतं. मी दोस्ताला दाखवलंसुद्धा, मास्तरासारखं. मग आम्ही आरामात निघालो, एका घळीत बसून डबा खाल्ला, शंख वेचले. उतरलेलं पाणी पाऊस न पडता त्याच दिवशी परत चढतं, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्याही आलं नसतं. तुम्ही समुद्र कुठे पाहिला होता.

त्या वळणापाशी लाट आली आणि दोस्ताचा पाय खडकाच्या फटीत अडकला. गुडघा उलटा वळला, तो आवाज मी ऐकला. त्यानं हात वर केला. मी पाहिला तो हात, आणि कड्यावर चढलो. एका झुडपाला धरून डोळे मिटले. मला पोहता येत नाही वगैरे नंतर सुचलेलं आहे, त्या वेळी डोक्यात काही नव्हतं. त्या म्हाताऱ्यानं होडी आणली आणि त्याला ओढून काढलं. मग मलाही उतरवलं, लहान पोराला उतरवतात तसं.

दवाखान्यात दोस्तानं घरच्यांना फोनवर सांगितलं, मी घसरलो, यानं ओढून वाचवलं. मी फोन घ्यायला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे. माझा पाय गेला, तुझं तरी जमू दे." म्हणजे बहिणीचं त्याला माहीत होतं, कधीपासून कोण जाणे.

रायपूरला आलो, आणि ती मला भैया म्हणायची थांबली. काहीच म्हणत नाही, नुसतं "ऐका ना" म्हणते. बाबा, त्या दोन शब्दांवर मी सहा महिने गप्प बसलो. दोस्त जिना एकेक पायरी बसून उतरतो, आणि मी त्यांच्याकडे पोहे खातो. काल तिचे वडील आईला म्हणाले, "ज्यानं माझा पोरगा वाचवला त्याचं शिक्षण मी विचारणार नाही. उद्या दुपारी दोघं बोलणीला या." आई किती दिवसांनी माझ्याशी हसून बोलली! तिला सांगितलं, तू थोड्या वेळानं ये, मी पुढे होतो. तिच्यासमोर मला बोलता येणार नाही.

आता गाडी त्यांच्या दाराशी उभी आहे. पलंगावर बसून हे लिहून राहिलो आहे. आत जाऊन एवढंच सांगायचं आहे, की तो हात मी पाहिला होता. एक वाक्य. कड्यावर वाटली होती त्याहून जास्त भीती आत्ता वाटून राहिली आहे, आणि इथे चढायला काही नाही.

हे पत्र तुम्हाला दोष देण्यासाठी लिहायला घेतलं होतं, ते जमलं नाही. आणि एक कबूल करतो. मघाशी मी गाडी सुरू केली होती, निघून जायला. आवाज ऐकून ती गच्चीवर आली, म्हणून बंद केली. हिंमत वगैरे काही नाही. ती अजून तिथेच उभी आहे. कागद गादीखाली ठेवतो. गाडीचं हे दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही. उतरतो, ओढतो.