इथेलच्या हातातली कवटी

मी, लौरी, एडनिवेदची मुलगी, मेरियोनेथ परगण्यातल्या पेनवर्न येथील दिवंगत सर कॅडवालडर यांची विधवा, गुडघ्यांनी आणि दातांनी निकामी झाले असले तरी डोक्याने धडधाकट आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिण्याचे कारण असे की माझा थोरला मुलगा हम्फ्री येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आईला आताशा काही कळत नाही’ असे सांगत फिरतो. मला सगळे कळते, म्हणूनच हे मृत्युपत्र करून ठेवते आहे. त्यासाठी कोणीही माझ्यावर दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छातीही नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

माझा आत्मा ज्याने दिला त्याच्या स्वाधीन करते. त्याच्याशी माझे जे भांडण आहे ते समोरासमोर मिटवीन.

पेनवर्नचे घर, गिरणी आणि नदीकाठची कुरणे ही नवऱ्याच्या घराण्याची. ती हम्फ्रीकडे गेलीच आहेत; त्यांवर माझा हक्क नाही आणि लोभही नाही. माझे स्वतःचे म्हणून जे उरते त्याची व्यवस्था खालीलप्रमाणे करावी.

माझा पिसांच्या गादीचा पलंग, उशा आणि लोकरी पडदे माझी दासी शोनेद हिला द्यावेत. सूनबाई फिलिपा या पलंगावर डोळा ठेवून आहेत, हे मला ठाऊक आहे. माझ्या आजारपणात त्या माझ्या खोलीत दोनदा आल्या, आणि दोन्ही वेळा पडदेच चाचपून गेल्या. त्यांना मी पलंगाखालचे भांडे देते. कथिलाचे आहे, कुठे गळत नाही.

हम्फ्रीला त्याच्या वडिलांचा काळा झगा द्यावा, जो ते पार्लमेंटात घालून बसत. त्याची कॉलर उंदरांनी खाल्ली आहे, पण हम्फ्रीलाही तिथेच जायची घाई आहे, तेव्हा उपयोगी पडेल. या झग्यात त्याचे वडील कित्येक वर्षे लंडनला बसले आणि उभ्या जन्मात तिथे एकदाच बोलले, ते म्हणजे खिडकी लावा म्हणून. घरी मात्र जेवणाच्या टेबलावर त्यांची भाषणे संपत नसत. दर भाषणात राज्याचे काय चुकते ते असे, आणि तोवर ओटची भाकरी गार होऊन जाई. शेती मी पाहिली, खंड मी वसूल केला, दोन मुली तान्ह्या असतानाच गेल्या, त्या मी एकटीने पुरल्या. ते पत्राने कळवत की कामकाज महत्त्वाचे असल्यामुळे निघता येत नाही.

राजाची तसबीरही हम्फ्रीलाच द्यावी. राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई सुरू झाली तेव्हा ती दिवाणखान्यात होती. पार्लमेंटचे सैन्य डोंगर उतरले तशी सर कॅडवालडर यांनी ती स्वतःच्या हाताने चीजच्या पिंपामागे लपवली आणि त्या सैन्याच्या कप्तानाला आमच्याच टेबलावर बसवून त्याला हवी ती शपथ घेतली. पुढे राजाचा मुलगा गादीवर आला, तेव्हा तसबीर पुन्हा भिंतीवर गेली. तिला अजूनही चीजचा वास येतो. सगळ्या परगण्याला हे माहीत आहे, आणि सगळा परगणा त्यांच्या निष्ठेपुढे टोपी काढत असे.

आता इथेल. माझा धाकटा मुलगा इथेल याला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वाटी नाही, चमचा नाही, मेंढीची शेपटीसुद्धा नाही. वाचणाऱ्याने घाईने अर्थ लावू नये.

इथेल विशीच्या आत पार्लमेंटच्या बाजूने लढायला गेला. त्याला ती बाजू खरी वाटली म्हणून गेला, जेवणाला कोण येणार ते पाहून नव्हे. राजाचा मुलगा गादीवर आला आणि पार्लमेंटचे सैन्य मोडले, तेव्हा तो घरी आला. उघड्या दारात उभा होता, बूट फाटलेले. त्याचे वडील जेवत होते. त्यांनी मान वर न करता नोकराला विचारले, “दारात कोण आहे रे?”

नोकर म्हणाला, “मालक, आपले धाकटे...”

“धाकटा लढाईत गेला. दार लाव, वारा येतोय.”

मी उठून गेले आणि त्याला माझ्या माहेरच्या डोंगरकुरणावर नेले. आमची गुरे मे महिन्यात चढतात आणि हिवाळ्याआधी उतरतात, ती हावोद-अर-ओन ही जागा. तिथली झोपडी माझ्या वडिलांनी माझ्या नावे करून दिली होती. तेव्हापासून तो तिथेच राहतो, गुरे उतरली तरी उतरत नाही.

त्याच उन्हाळ्यात सर कॅडवालडर यांनी चेस्टरहून मूर्तिकार बोलावला. लानविहंगेलच्या चर्चमध्ये त्यांना आपले थडगे जिवंतपणीच उभे करायचे होते. वर ते आडवे, मी शेजारी हात जोडून, आणि खाली आमची मुले रांगेत. रीत अशी की जे मूल आईबापांच्या आधी गेले असेल त्याच्या हातात लहानशी कवटी कोरतात, म्हणजे पाहणाऱ्याला विचारावे लागत नाही. मूर्तिकाराने माझ्यासमोर विचारले, “सरकार, दोघी मुलींच्या हाती देतो. या धाकट्या साहेबांचं काय?”

“त्याच्याही.”

मी म्हणाले, “इथेल जिवंत आहे. आत्ता वर दूध काढत असेल. चला, दाखवते तुम्हाला.”

मूर्तिकार एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघू लागला. “बाईसाहेब म्हणतायत तर हात नुसताच ठेवू का? पुढेमागे काय ते...”

“बाईसाहेबांनी पोरांचं दुःख फार मनाला लावून घेतलंय,” सर कॅडवालडर म्हणाले. “तू खोद.”

त्याने खोदले. माझ्या पोटच्या पोराला त्या माणसाने छिन्नीने मारले, आणि ते मारणे पाहायला दर रविवारी मला पुढच्या बाकावर बसवले. त्यांच्या मृत्युपत्रात ‘माझा दिवंगत मुलगा इथेल’ असे शब्द आहेत. ते गेल्यावर हम्फ्रीने बँगोरला, मृत्युपत्रे जिथे मंजूर होतात त्या बिशपच्या कोर्टात, बायबलवर हात ठेवून तेच सांगितले. मी त्यांना माफ केलेले नाही. मरताना करीन अशी आशा पाद्रीबुवांनी धरू नये.

नवरा गेल्यानंतर मी हम्फ्रीला म्हणाले होते, “आता तरी काढ ती कवटी. छिन्नीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

“आई, हात तुटेल मूर्तीचा.”

“तुटू दे. लुळा चालेल मला, मेलेला नको.”

“तू समजून घेत नाहीस. घरातला बंडखोर वारला, असं सगळ्यांना सांगून झालंय. आता तो उगवला तर मला मतं कोण देईल?”

“सख्खा भाऊ आहे रे तुझा.”

“म्हणून तर वर राहू दिलंय. कोणी त्रास देतं का त्याला? खाली येऊ नये, एवढंच म्हणणं आहे.”

एवढेच त्याचे म्हणणे. माणसाने जिवंत राहावे, पण दिसेल असे राहू नये.

गेल्या ईस्टरला इथेल खाली आला, कारण त्याची मुलगी माल्ट हिने चर्च पाहिले नव्हते. ती आता नऊ वर्षांची आहे, म्हणजे बाप दगडात मेल्यानंतर जन्मलेली. ती थडग्यापाशी गेली, मूर्तींखालची नावे अक्षरे जुळवून वाचू लागली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, हे तुम्ही आहात? हातात काय धरलंय?”

पुढच्या बाकावरून फिलिपाबाई हसल्या. इथेल खाली वाकून तिला म्हणाला, “सलगम आहे गं.”

“सलगम कशाला?”

“मला आवडतो ना.”

माल्टचा त्यावर विश्वास बसला आहे. तो फार तर एखादे वर्ष टिकेल. मग ती इतर थडगी पाहील, आणि तिचे तिला कळेल की आजोबांनी बापाच्या हातात काय दिले आणि काकाने ते तिथेच का राहू दिले. त्याआधी ती कवटी निघाली पाहिजे. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे, आणि खालची कलमे त्यासाठीच आहेत.

हावोद-अर-ओन, तिथली झोपडी, झरा, माझ्या खुणेची सर्व काळी गुरे आणि माझी हार्प हे सर्व माल्टला द्यावे. या कागदात तिचा उल्लेख ‘हयात असलेल्या इथेलची मुलगी’ असाच राहील. हार्प तिला वाजवता आली नाही तरी चालेल, मलाही कधी धड आली नाही.

मला सर कॅडवालडर यांच्या शेजारी पुरू नये. शोनेदच्या घरच्यांना पुरतात तिथे, बाहेर गवतात पुरावे. थडग्यावर माझ्या मूर्तीखाली मृत्यूच्या तारखेसाठी जी मोकळी जागा सोडली आहे ती, कवटी निघेपर्यंत, मोकळीच ठेवावी. तोवर मी तिथे जिवंत आहे असे धरावे आणि हम्फ्रीने चर्चमध्ये शिरताना मला नमस्कार करावा.

पाद्री प्रॉथेरो यांनाही मी काही देत नाही. त्यांनी तोंड पाडू नये, कारण ही युक्ती त्यांच्याच तोंडून निघाली. त्यांना लिहायला बोलावले तेव्हा मी म्हणाले होते, इथेलला निदान वडिलांची तलवार तरी लिहा.

“लिहितो. पण एक ध्यानात ठेवा, बाईसाहेब. ज्याला कागदातून काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही.”

“आणि ज्याला काहीच मिळत नाही त्याला?”

“त्याला येतं की. उद्या कोणी तक्रार केली तर बिशपचं कोर्ट त्याला बोलावतं, नाव विचारतं, बापाचं नाव विचारतं आणि त्याची साक्ष लिहून घेतं.”

“मग तलवार खोडा,” मी म्हणाले.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि खोडले.

तेव्हा हम्फ्री, हे तुझ्यासाठी. हा कागद तुला मान्य असेल तर माल्ट ही हयात इथेलची मुलगी आहे हे तुला मान्य करावे लागेल. मान्य नसेल तर बँगोरला जा, माझे डोके फिरले होते असे सांग, आणि साक्षीदाराला बोलवायला सांग. कारकून त्याचे नाव मोठ्याने पुकारील. तू तिथे हजर राहा.

लिहून, वाचून दाखवून, माझ्या हाताने सही केली. पेनवर्न, एक मे, सन सोळाशे त्र्याहत्तर. गुरे वर चढवण्याचा दिवस, भर दुपार, दारे उघडी.

लौरी, एडनिवेदची मुलगी

बाईसाहेबांनी आमच्या देखत व पूर्ण शुद्धीत सही केली. आम्हा दोघांनाही या कागदातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार:

रिस प्रॉथेरो, पाद्री, लानविहंगेल

इथेल, कॅडवालडर यांचा धाकटा मुलगा, हावोद-अर-ओन. समक्ष हजर.